दर विचारण्याआधी भरती विचारा

कर्ली नदी मालवणजवळ देवबागला समुद्राला मिळते, तिथे सकाळी पाणी इतकं निवांत असतं की यात घाबरायचं काय, असं कुणालाही वाटावं. दुपारी ओहोटीला तेच मुख पालटतं. खाडीचं पाणी जोरात बाहेर धावतं, वायव्येचा वारा लाटा आत लोटतो आणि दोघांची गाठ वाळूच्या उथळ दांड्यावर पडते. तिथे लाटा उभ्या राहतात, एकीमागे एक फुटतात. डॉल्फिन दाखवून परतणारी आमची बोट नेमकी त्या वेळी मुखाशी आली. पुढची फेरी गाठायची तांडेलाला घाई. पंखा वाळूत घुसला, इंजिन बंद पडलं, बोट लाटेला आडवी झाली. मावशीचा हात कठड्यावर आपटून मोडला. लाइफ जॅकेटं होती, पण बाकाखाली दोरीने बांधलेली. मागून येणाऱ्या मच्छीमारांनी दोर टाकला म्हणून किनाऱ्याला लागलो. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला होता. ती बातमी वाचूनही आम्ही आमच्या बोटीत तसेच बसलो होतो.

तेव्हापासून बोट ठरवताना मी आधी तिथी बघते. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरती येते आणि पुढे रोज साधारण पाऊण तासाने सरकते. त्या दिवसांत उधाण असतं, म्हणून ओहोटीची ओढही मोठी. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी सौम्य. परतताना मुखावर पाणी किती असेल, हे तांडेलाला निघण्याआधीच विचारा. जाणता माणूस लगेच सांगतो. एकदा एका म्हाताऱ्या तांडेलाने माझे पैसे परत केले आणि म्हणाला, “ताई, आज नको. पाणी बरा नाय.” आता मी त्याच्याकडेच जाते.

जॅकेट किनाऱ्यावरच अंगात घाला आणि बंद आवळून बघा. मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही. पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जातं. पावसाळ्यात ही जलसफर बंद असते. तेव्हा कुणी ‘गुपचूप नेतो’ म्हणालं, तर सरळ माघारी फिरा.

डॉल्फिनचंही बोललंच पाहिजे. इथे दिसतात ते बहुतेक हम्पबॅक डॉल्फिन. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात, म्हणून आपल्या बोटींच्या तावडीतही तेच सापडतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना सर्वोच्च संरक्षण दिलंय. त्या दिवशी चार बोटींनी एका मादीला आणि तिच्या पिल्लाला घेरलं होतं. ती वर येऊन श्वास घेते न घेते तोच इंजिनं तिच्या अंगावर जायची. आवाजाच्या आधाराने वाट आणि भक्ष्य शोधणाऱ्या जिवाभोवती असा गोंगाट करणं क्रूरपणा आहे. ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ ही बोली या पाठलागाला खतपाणी घालते, ती करूच नका. दुरून इंजिन बंद ठेवून थांबणारा तांडेल निवडा. मागे लागायचं नाही, हे बोट सुटण्याआधीच सांगा.

गरवायला जाणार असाल तर खाडीच बरी. भरती चढताना खडकांच्या आणि कांदळवनाच्या कडेला तांबोशी लागते. मालवणचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा गळ कुठे टाकायचा हे आधी विचारून घ्या. आणि शिंगाळा लागला तर हात आवरा. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे विषारी काटे असतात. गरी पकडीनेच काढा. काटा घुसलाच, तर जखम धुऊन सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, मग दवाखाना गाठा. काट्याचा तुकडा आत राहिला तर बोट चिघळतं.