वाकडे बोट

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पायाच्या बोटांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण घरात कॉलेजची पायरी चढलेला एकच मुलगा असला, की डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्याचे काम त्याच्याकडेच येते. मग त्याचा विषय इतिहास असो की मराठी. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायामुळे मला जे वाचावे लागले आणि डॉक्टरांना विचारून घ्यावे लागले, ते येथे मांडतो.

पायाच्या अंगठ्यात दोन हाडे असतात, बाकीच्या बोटांत बहुधा तीन-तीन. बोटाचा मधला सांधा उंटाच्या पाठीसारखा वर येतो आणि टोक खाली जमिनीकडे वळते, तेव्हा ते बोट बाजूने हातोडीसारखे दिसते. म्हणून इंग्रजीत त्याला हॅमर टो म्हणतात. आपल्याकडे नुसते ‘बोट वाकडे आहे’ म्हणतात आणि सोडून देतात. अंगठ्याशेजारच्या बोटाला हे जास्त होते.

बोट सरळ करणारे आणि वाकवणारे स्नायू एकमेकांना तोलून धरतात. हा तोल बिघडला की बोट वाकते. पुढून अरुंद किंवा आखूड बूट हे त्याचे नेहमीचे कारण. आत जागा नसली की बोट दुमडूनच बसते आणि वर्षानुवर्षे दुमडलेले बोट शेवटी तसेच राहते. अंगठा आत कलून शेजारच्या बोटाला ढकलू लागला, किंवा ते बोट अंगठ्यापेक्षा लांब असले, तरी हेच होते. मधुमेहात आणि कुष्ठरोगात पायाचे मज्जातंतू निकामी झाल्यानेही बोटे आकसतात.

आबा अकरा वर्षे रखवालदार आहेत. त्यांचा पाय नऊ नंबरचा, कंपनीकडून मिळणारे बूट आठ नंबरचे. “चामडं आहे, सैल पडेल,” असे त्यांना सांगण्यात आले. चामडे सैल पडण्याआधी बोटच वाकले. वाकलेल्या सांध्यावर बूट घासून भोवरी झाली (काही ठिकाणी तिला कुरूप म्हणतात), आणि आबा ती दर रविवारी दाढीच्या ब्लेडने तासू लागले.

उपचाराचा सगळा प्रश्न एका गोष्टीवर अवलंबून आहे: बोट अजून लवचीक आहे की ताठ झाले आहे? खुर्चीवर बसून हाताने बोट हलकेच सरळ करून पाहावे. सरळ झाले, तर शस्त्रक्रियेवाचून बरेच काही साधते. बूट पुढून रुंद आणि उंच हवा. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे अर्धा इंच जागा राहिली पाहिजे. उभे राहून कागदावर पावलाची आकृती काढावी आणि तो कागद बुटाच्या तळाशी ताडून पाहावा. कागद बाहेर आला, तर तो बूट आपला नव्हे. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. मागे पट्टा नसलेली सैल चप्पलही चांगली नाही; ती पडू नये म्हणून बोटे सारखी आवळली जातात.

रोज दोन-तीनदा हाताने बोट ताणावे, पावलाने जमिनीवरचा पंचा गोळा करावा, बोटांनी गोट्या उचलाव्यात. आईला हा व्यायाम पोरखेळ वाटला, पण धाकट्या बहिणीमुळे आबांना तो नेमाने करावा लागतो. सिलिकॉनची टोपी किंवा मऊ गादी लावली तर घासणे थांबते. मात्र या साधनांनी दुखणे कमी होते. ताठ बोट सरळ होत नाही.

ताठ बोट फारच त्रास देऊ लागले तर शस्त्रक्रिया असते. लवचीक बोटाची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सैल करतात किंवा तिची जागा बदलतात. ताठ बोटात सांध्याजवळचा हाडाचा लहान तुकडा काढतात आणि बहुधा चार ते सहा आठवडे आत बारीक तार ठेवतात. सूज मात्र काही महिने राहू शकते. म्हणजे उभ्याने काम करणाऱ्याचा रोजगार बुडतो. डॉक्टर हा भाग चटकन सांगून मोकळे होतात, पण आमच्यासारख्या घरात पहिला विचार त्याचाच होतो.

आबांना मधुमेह आहे, हे या तपासणीतच कळले. तेव्हा ब्लेडचा खरा धोका समजला. बधिर पायाला जखम कळत नाही, ती चिघळते आणि कधीकधी बोट कापावे लागते. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हेच दाखवून दिले होते. त्या रोग्यांची बोटे आपोआप झडत नव्हती. वेदना नसल्यामुळे नकळत होणाऱ्या जखमा त्यांचा घात करीत होत्या. पुढे अशा पायांसाठी मऊ रबरी तळाच्या चपला आल्या. तशा चपला मधुमेहाच्या बधिर पायांनाही दिल्या जातात. अशा रुग्णाने भोवरी स्वतः कापू नये आणि औषधाच्या दुकानातील भोवरीची पट्टीही लावू नये. तिच्यातले आम्ल चांगली कातडीही जाळते. रोज रात्री पाय पाहावेत, तळवा आरशात पाहावा, बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा.

आबांचे अंगठ्याशेजारचे बोट ताठ झाले आहे. साखर ताब्यात येईपर्यंत डॉक्टर त्याला हात लावणार नाहीत. त्याच्या पलीकडचे बोट वाकू लागले आहे, पण हाताने अजून सरळ होते. नऊ नंबरच्या रुंद बुटांसाठी मी आबांच्या नावे अर्ज लिहून दिला आहे, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि पावलाची आकृती जोडली आहे. उत्तर येईपर्यंत आबा पदरच्या पैशांनी घेतलेले कापडी बूट घालून कामावर जातात. त्याबद्दल एकदा दंडही झाला.