कार्ड बदलण्याआधी बॅटरी तपासा : जुन्या संगणकातील कार्डांची टक्कर आणि तिचा खर्च

वजनकाट्यावर, लेथ मशीनशेजारी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये किंवा छापखान्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे संगणक आजही कामावर आहेत. त्यातले कार्ड आणि त्याचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही, म्हणून मालकाने ते जपलेले असतात. असा संगणक एके दिवशी कार्ड ओळखेनासा झाला, की दुकानात बहुधा दोनच उत्तरे मिळतात : ‘कार्ड गेले’ किंवा ‘आता नवाच घ्या’. दोन्ही उत्तरे मालकाला महागात पडतात. अशा वेळी कार्ड ठणठणीत असू शकते. दोन कार्डे एकाच जागेवर हक्क सांगत असतात, इतकेच. हा दोष सेटिंगचा असतो. त्यामुळे पहिला पैसा तपासणीवर खर्च करावा आणि सुटा भाग सर्वांत शेवटी घ्यावा.

पुढे दिलेल्या रकमा अंदाज बांधण्यापुरत्या आहेत. गावानुसार आणि दुकानानुसार त्या बदलतील.

टक्कर कशावरून होते

कार्डाला प्रोसेसरचे लक्ष वेधायचे असले, की ते एका ठरलेल्या तारेवरून इशारा देते. ही तार म्हणजे आयआरक्यू. जुन्या संगणकात अशा तारा ० ते १५ एवढ्याच असतात आणि त्यांतल्या बऱ्याच आधीच अडकलेल्या असतात : ० टायमरला, १ कीबोर्डला, ६ फ्लॉपीला, १२ गोल पिनच्या माउसला, १४ आणि १५ हार्ड डिस्कच्या जोडणीला. कॉम १ आणि कॉम ३ हे दोन्ही पोर्ट प्रथेने ४ वापरतात, तर कॉम २ आणि कॉम ४ हे ३ वापरतात. त्यामुळे ३ वर बसवलेले जुने नेटवर्क कार्ड आणि कॉम २ वरचा वजनकाटा एकमेकांना अडवतात. साउंड कार्ड बहुधा ५ वर असते. आयआरक्यूखेरीज पोर्टचा पत्ता आणि डीएमए (मेमरीशी थेट देवाणघेवाण करण्याची वाट) यांवरूनही अशीच टक्कर होते.

स्लॉट कोणता हे इथे महत्त्वाचे आहे. लांब, काळ्या आयएसए स्लॉटमधली कार्डे सहसा आयआरक्यू वाटून घेऊ शकत नाहीत. आखूड, बहुधा पांढऱ्या पीसीआय स्लॉटमधली कार्डे घेऊ शकतात. म्हणून विंडोज एक्सपीमध्ये दोन-तीन पीसीआय कार्डे एकाच क्रमांकावर दिसली, तर तेवढ्यावरून टक्कर झाली असे मानू नये. कोणी तेच दाखवून पैसे मागत असेल तर थांबा.

खर्च शून्य : आधी हे करून पाहा

१. यादी काढा. विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळे उद्गारचिन्ह असलेल्या नावावर दोनदा क्लिक करून कोड टिपून घ्या. कोड १२ म्हणजे त्या कार्डाला मोकळी साधने मिळालेली नाहीत. ‘रन’मध्ये एमएसइन्फो३२ लिहिल्यास टकरी आणि वाटणी यांची वेगळी यादी दिसते.

२. घड्याळ पाहा. संगणक सुरू करताना तारीख वर्षानुवर्षे मागे गेलेली दिसली, तर मदरबोर्डवरची बॅटरी संपली आहे. बॅटरी संपली की बायोसमधील, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ पानांमधील, सेटिंग पुसले जाते. जुन्या कार्डासाठी राखून ठेवलेला आयआरक्यू सुटतो, बंद केलेला कॉम पोर्ट पुन्हा सुरू होतो आणि काल चालणारे कार्ड आज अडते.

३. एकेकटे चालवून पाहा. विजेची पिन भिंतीतून काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. डिस्प्ले कार्ड आणि संशयित कार्ड ठेवून बाकीची सगळी कार्डे काढा. संशयित कार्ड एकटे चालले तर ते चांगले आहे. मग एकेक कार्ड परत बसवत जा. ज्याच्या येण्याने बिघडते तो दुसरा पक्ष.

४. जागा बदला. पीसीआय कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवले की त्याचा आयआरक्यू बदलू शकतो. डिस्प्ले कार्डाला खेटून असलेला पहिला पीसीआय स्लॉट अनेक बोर्डांवर त्याच कार्डाशी तार वाटून घेतो, म्हणून तो शक्यतो रिकामा ठेवा.

५. बायोसमध्ये न लागणारे कॉम, पॅरलल पोर्ट आणि बोर्डावरचा साउंड बंद करा. आयएसए कार्डाचा आयआरक्यू ‘लेगसी आयएसए’साठी राखून ठेवा. ‘रीसेट कॉन्फिगरेशन डेटा’ हा पर्याय असेल तर तो एकदा चालू करून संगणक पुन्हा सुरू करा. आयएसए कार्डावर जंपर (पिनांवर बसवलेल्या छोट्या टोप्या) असतील तर हलवण्यापूर्वी त्यांचा फोटो काढा.

तीस ते हजार रुपयांतले उपाय

• सीआर२०३२ बॅटरी : ३० ते ६० रुपये. ती ३ व्होल्टची असते. बदलण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या.
• कार्डाचे सोनेरी दात पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल : १०० ते २०० रुपये. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय आधी करावा.
• आयडीई-यूएसबी जोडणी : ४०० ते ९०० रुपये. हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढण्यासाठी ती लागते आणि हा खर्च टाळू नये. कार्ड पुन्हा मिळेल, पण त्याचा ड्रायव्हर आणि मशीनचे सॉफ्टवेअर कदाचित कधीच मिळणार नाही.
• दोन पोर्टचे पीसीआय सीरियल कार्ड : ५०० ते १,००० रुपये. यूएसबी-सीरियल केबल स्वस्त वाटते, पण डॉसमधले जे सॉफ्टवेअर थेट पोर्टच्या पत्त्यावर लिहिते, त्याला ही केबल दिसतच नाही.

कारागीर बोलावताना

घरी किंवा कारखान्यात येण्याचे ३०० ते ७०० रुपये आणि सेटिंग लावून देण्याचे ५०० ते १,५०० रुपये धरा. जीएसटी नोंदणी असलेला दुकानदार त्यावर १८ टक्के कर लावेल, म्हणून दर करासह ठरवा. ‘कार्ड गेले’ असे सांगितल्यास दोन प्रश्न विचारा : हे कार्ड एकटे चालवून पाहिले का? बॅटरीचा व्होल्टेज किती आला? दोन्हींचे उत्तर मिळेपर्यंत नव्या कार्डाला होकार देऊ नका. काढलेला प्रत्येक भाग परत मागा.

मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटरही टकरीसारखीच लक्षणे दाखवतात. ते बदलायला मजुरीसह ५०० ते १,५०० रुपये पुरतात. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलणार असाल तर आधी पाहा : काही आयएसए कार्डांना उणे ५ व्होल्ट लागतो आणि नव्या एसएमपीएसमध्ये ती तार नसते.

जुने कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधणार असाल, तर जुन्या कार्डाचा मॉडेल क्रमांक सोबत न्या आणि घेण्यापूर्वी कार्ड चालवून दाखवायला सांगा.

मोठा खर्च केव्हा करावा

कार्ड दुसऱ्या चांगल्या संगणकातही एकटे चालले नाही, किंवा बोर्डाचा स्लॉटच मेला, तरच मोठ्या खर्चाचा विचार करा. आयएसए स्लॉट असलेला औद्योगिक मदरबोर्ड पाच आकडी रकमेत जातो. त्याआधी मशीनच्या उत्पादकाकडून नवा कंट्रोलर बसवण्याचा लेखी दर मागवा आणि दोन्ही रकमा शेजारी ठेवून ठरवा.

पावती आणि तक्रार

पावतीवर केलेले काम, भागाचा क्रमांक आणि हमीची मुदत लिहून घ्या. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा बसत नाही. मात्र स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी चालवलेला व्यवसाय याला अपवाद आहे. छोट्या वर्कशॉपच्या मालकाने हा हक्क सोडू नये. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे विनाशुल्क दाखल होते.

संगणक पुन्हा चालू झाल्यावर प्रत्येक कार्डाचे नाव, स्लॉट, आयआरक्यू, पोर्टचा पत्ता आणि बॅटरी बदलल्याची तारीख एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी येणारा कारागीर कोणीही असला, तरी त्याचे निम्मे काम झालेले असेल आणि त्या निम्म्या कामाचे पैसे तुम्हाला मोजावे लागणार नाहीत.