मातीचा बैल

पोळा जवळ आला, की दोंडाईच्याच्या बाजारात मातीचे बैल दिसू लागतात. ज्याच्या दारी बैल नाही, तोही एक जोडी आणतो. पाटावर मांडतो, पूजा करतो, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो. ती पोळी ज्या खापरावर भाजली, ते खापरही कुंभाराच्याच हातचं.

हा बैल होतो कसा? ते पाहायला आम्ही एका कुंभारदादांच्या घरी गेलो.

अंगणात माती भिजत होती. दादा आधी खडे वेचतात. मग लीद आणि राख घालून माती पायांनी तुडवतात. लीद कशाला? तिच्यामुळे माती वाळताना तडकत नाही. भट्टीत लीद जळून जाते आणि तिथे बारीक छिद्रं राहतात. माठाचं पाणी त्या छिद्रांतून पाझरतं, वाऱ्याने उडून जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं.

पण बैलाचं अंग जाड. वरून तो वाळलेला दिसतो, पोटात मात्र ओल असते. भट्टी पेटली की त्या ओलीची वाफ होते. वाफेला वाट मिळाली नाही, तर बैल फुटतो. जवळचे दोन-चारही फोडतो. आणि पोळा तर श्रावणी अमावास्येला! आभाळ भरलेलं, ऊन नाही. म्हणून दादांनी बैल घरात मांडले होते. माणसांनी अंथरुणं गुंडाळून बैलांना जागा दिली होती.

अशी मातीची बैलजोडी सातासमुद्रापलीकडे, पेरू नावाच्या देशातही आहे. तो डोंगराळ मुलूख आहे. तिथे पूर्वी बैलच नव्हता. लामा नावाचं, उंटाच्या जातीचं लहान जनावर ओझी वाहायचं. सोळाव्या शतकात स्पेन देशाच्या लोकांनी तिथे बैल नेला. पुढे तिथल्या कुंभारांनी तो मातीत घडवला. घराचं भलं व्हावं म्हणून लोक ही जोडी छपरावर बसवतात. हा बैल पोकळ असतो. त्याच्या पाठीला भोक असतं. गुरांना डाग देण्याच्या सणात त्यातून मक्याची दारू ओततात. भाजताना वाफही तिथूनच निघते.

त्याला पुकाराचा बैल म्हणतात. खरं तर तो घडतो आसपासच्या खेड्यांत. पुकारा हे रेल्वेचं ठेसन. तिथे तो उतारूंना विकला जाई, म्हणून तेच नाव पडलं. आपल्याकडे मिरची पिकते खेड्यापाड्यांत आणि नाव होतं दोंडाईच्याचं, तसंच हे!

निघताना आम्ही एक जोडी उचलली. दादांनी भाव सांगितला. सवयीने आम्ही म्हणालो, "दादा, काही कमी करा की."

दादा हसले. भट्टीजवळ फुटक्या बैलांचा ढीग होता. तिकडे बोट करून म्हणाले, "यांचे पैसे कोण देईल, भाऊ?"

आम्ही सांगितला तो भाव दिला.