भुलीची वाफ आणि त्वचेची ॲलर्जी

काही वर्षांपूर्वी एका नर्सिंग होममधील थिएटर सिस्टर माझ्याकडे आल्या. पापण्या सुजलेल्या, गाल व मान लाल, खाजेमुळे रात्री झोप नाही. साबण बदलला, काजळ सोडले, वांगी-शेंगदाणे बंद केले, गुण नाही. मी विचारले, "सुटीत कसे असते?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माहेरी आठ दिवस अगदी साफ होते. ड्युटीवर आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू!" नोकरी जाईल या भीतीने त्यांनी वर्षभर कोणाला सांगितले नव्हते.

कारण काय?
भुलीसाठी १९५६ पासून हॅलोथेन आणि त्यानंतर आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन ही द्रव औषधे वाफेच्या रूपात वापरात आली. मास्क नीट न बसल्यास किंवा औषध भरताना सांडल्यास वाफ खोलीत पसरते. क्वचित एखाद्याच्या त्वचेला तिचे वावडे असते. असे रुग्ण थोडेच. घाबरून जाऊ नये.

कसे ओळखावे?
हवेतून येणारी ॲलर्जी चेहरा, पापण्या, मान अशा उघड्या भागांवर दिसते. फक्त हातांवर पुरळ असेल तर रबरी हातमोजे किंवा जंतुनाशक द्रावण यांचा संशय आधी घ्यावा; ही कारणे जास्त आढळतात. मोजे घालताच गांधी उठून शिंका वा दम लागत असेल तर ते धोक्याचे आहे. विनाविलंब डॉक्टरांना गाठावे.
निदानासाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून ४८ तासांनी व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा पाहतात. हा प्रयोग घरी करू नये.

उपाय
१) ड्युटी, सुटी व पुरळ यांची तारीखवार नोंद ठेवा.
२) कापडी मास्क वाफ अडवत नाही. वाया जाणारी वाफ नळीने बाहेर सोडण्याची सोय व खेळती हवा हवी. अमेरिकेतील 'नायोश' संस्थेने १९७७ मध्ये अशा वाफेची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत २ भाग इतकी सुचवली.
३) दुकानातून स्टेरॉइड मलम आणून चेहऱ्यावर चोळू नका, कातडी पातळ होते.

त्या सिस्टरांच्या बाबतीत तज्ज्ञांनी हॅलोथेनवर बोट ठेवले. त्यांना वॉर्डात ड्युटी मिळाली, महिन्याभरात चेहरा स्वच्छ झाला आणि नोकरीही टिकली. मलमापेक्षा कारण दूर करणे हेच खरे औषध. म्हणून त्रास लपवू नका, वेळीच सांगा.