घरकुलाचे साहित्य आणि जमिनीखालील वाहिन्या

घर बांधावयाचे ठरले की प्रथम दारात वाळू पडते, मग विटा येतात आणि पाठोपाठ सिमेंटची पोती. पाण्याची नळी, सांडपाण्याची वाहिनी व विजेची केबल यांचा विचार बहुधा भिंती उभ्या राहिल्यावर होतो. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण २०१६ साली आणि जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झाले. तेव्हापासून घरकुलांचे बांधकाम व नळजोडणीची खोदाई अनेक गावांत एकाच गल्लीत होऊ लागली. या दोन्ही कामांचा परस्परसंबंध समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

भार किती?

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. एका घनमीटर वाळूचे वजन सुमारे १,६०० किलो धरल्यास एक ब्रास वाळू साडेचार टन भरते. ट्रॅक्टर व ट्रॉलीचे वजन निराळेच. हा सारा भार चाकांखालच्या अरुंद पट्ट्यांवर येतो. चर नुकताच बुजविलेला असेल व माती धुमसाने ठोकलेली नसेल, तर जमीन खचते आणि नळीचा सांधा निखळतो.

नळाला ठराविक वेळीच पाणी येणाऱ्या गावात हा दोष विशेष घातक ठरतो. पाणी बंद होताच नळीतील दाब उतरतो आणि निखळलेल्या सांध्यातून भोवतालचे सांडपाणी आत शिरते. अतिसार, कावीळ, विषमज्वर यांसारख्या रोगांना मग वाट मोकळी होते.

चर कसा असावा?

चराचा तळ सपाट करून त्यावर वाळूचा किंवा बारीक मुरुमाचा थर द्यावा. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेथे नळीच्या सभोवारही हाच भराव घालावा. पिण्याच्या पाण्याची नळी सांडपाण्याच्या वाहिनीपासून शक्य तितकी दूर व तिच्याहून वरच्या पातळीवर ठेवावी. कमी दाबाची वीजकेबल किमान ७५ सेंटिमीटर व रस्ता ओलांडताना एक मीटर खोल असावी. तिच्यावर वाळू व विटांचे आच्छादन घालावे. माती थराथराने भरून ठोकावी.

दीड मीटरहून खोल चराच्या बाजूंना फळ्यांचा आधार दिल्याविना कोणासही आत उतरू देऊ नये. एक घनमीटर माती दीड टनाहून जड असू शकते. तिच्याखाली सापडलेल्या माणसाला श्वास घेणेही अशक्य होते. उकरलेली माती, विटांचे थर व वाहनेही चराच्या काठापासून दूर असावीत.

क्रम आणि नोंद

सारांश, आधी आखणी, मग चर व वाहिन्या, त्यानंतर ठोकून भराव आणि शेवटी साहित्याची वाहतूक, हा क्रम हितावह होय. साहित्य आधीच आणणे भाग असेल, तर वाहनाचा मार्ग व चराची जागा निरनिराळी ठेवावी.

जमिनीत गाडलेली वाहिनी दृष्टीआड होते. काही वर्षांनी तिची जागा घरमालकालाही आठवत नाही. म्हणून चर बुजविण्यापूर्वी घराच्या कोपऱ्यापासूनचे अंतर व खोली मोजून साधा नकाशा काढावा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. हे मोजमाप शाळेतील विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास भूमितीचा पाठही प्रत्यक्षात उतरेल. खोदाईपूर्वी संबंधित यंत्रणांना कळविता यावे यासाठी केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. तथापि गल्लीतील घरगुती जोडण्यांची माहिती गावाच्या दप्तरातच सापडावयास हवी. एका कागदाच्या या नोंदीने पुढील खोदाईत कुदळीचा घाव चुकेल आणि घरातील पाणीही शुद्ध राहील.