तारखेवार नोंदीचा महिनेवार गोषवारा कसा काढायचा?



विक्री, डिझेल, बर्फ यांची नोंद आपल्यापैकी बरेच जण आता एक्सेलमध्ये ठेवतात. पण हंगाम संपेपर्यंत शेकडो ओळी होतात. कुठल्या महिन्यात बोटीने कमावलं आणि कुठल्या महिन्यात सगळं डिझेलनेच खाल्लं, ते काही समजत नाही. मग खलाशांचा वाटा करताना वाद होतात. यावर सोपा उपाय म्हणजे पिव्हट टेबल.

आधी नोंद नीट ठेवा:
• एका फेरीची एकच ओळ. खण असे: तारीख, बोट, विक्री, डिझेल, बर्फ.
• तारीख सालासकट लिहा.
• रकमेच्या खणात फक्त आकडा. पुढे 'रु.' टाइप केलं तर ती रक्कम बेरजेत येत नाही.
• मध्ये रिकामी ओळ नको, 'एकूण'ची ओळही नको.

आता गोषवारा:
१. यादीत कुठेही क्लिक करा. 'इन्सर्ट'मधून 'पिव्हट टेबल' घ्या आणि ओके करा.
२. 'तारीख' ओळींच्या चौकटीत ओढा. 'विक्री' आणि 'डिझेल' व्हॅल्यूच्या चौकटीत ओढा.
३. आलेल्या एखाद्या तारखेवर राइट क्लिक करून 'ग्रुप' घ्या. तिथे महिना आणि वर्ष, दोन्ही निवडा.

वर्ष कशाला? आपला हंगाम ऑगस्टला सुरू होतो आणि पुढल्या साली मे महिन्यात संपतो. नुसता महिना निवडला, तर दोन सालांचे ऑगस्ट एकाच बेरजेत जातात.

शेवटी जून-जुलै तपासा. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी. म्हणजे या दोन महिन्यांत विक्री दिसताच कामा नये. आमच्या पहिल्या गोषवाऱ्यात ती दिसली! कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीने महिना आधी वाचत होता, म्हणून ०६/०८, म्हणजे आपली ६ ऑगस्ट, त्याने ८ जून धरली. १३ ते ३१ तारखा तर त्याला तारखा वाटल्याच नाहीत. ओळखायची खूण अशी, की खरी तारीख खणात उजवीकडे बसते आणि न समजलेली डावीकडे. आम्ही कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये 'रीजन' भारत केला, चुकलेल्या तारखा परत टाकल्या, तेव्हा कुठे ऑगस्टचा हिशोब जुळला.

बंदीत बोट किनाऱ्याला असते. तेवढ्यात गेल्या हंगामाचा गोषवारा काढून बघा. अडलं तर वही आणि लॅपटॉप घेऊन सोसायटीत या, एकत्र बसून करूया.