पहिल्या चित्रपटानंतर

नागपूर

चिरंजीव भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सोळाव्या वर्षी चित्रपटात भूमिका मिळालेल्या मुलाने सर्वप्रथम आपली निवड कशासाठी झाली हे नीट समजून घ्यावे. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’साठी नागपूरच्या वस्त्यांतून जी मुले घेतली गेली, त्यांपैकी बहुतेकांनी तोवर कॅमेरा जवळून पाहिलेलाही नव्हता. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी उभारलेल्या फुटबॉलच्या कार्यावर ती कथा बेतलेली होती. तिला या शहराची बोली, चालण्यातली बेफिकिरी आणि परिस्थितीने लवकर आलेले शहाणपण हवे होते, आणि ते त्या मुलांपाशी आधीपासूनच होते. अशा कलावंतास चित्रपटाच्या परिभाषेत अव्यावसायिक अभिनेता म्हणतात. म्हणजे ज्याचे जगणे हीच त्याची पूर्वतयारी, असा अभिनेता.

यात मुलाचा गौरव निश्चितच आहे, परंतु दिग्दर्शक त्याच्याकडून जे घेतो ते एका भूमिकेपुरते असते. पुढच्या दिग्दर्शकाला तीच बोली लागेल याची शाश्वती नसते, आणि पंधरा ते वीस या वर्षांत आवाज फुटून, अंग भरून, ज्या चेहऱ्यासाठी निवड झाली तो चेहराच पालटून जातो. ‘झुंड’चे चित्रीकरण २०१८ च्या अखेरीस सुरू झाले आणि महासाथीमुळे रखडलेला चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला, म्हणजे पडद्यावर दिसणारी मुले प्रत्यक्षात तोवर मोठी झालेली होती. त्यांपैकी डॉनची भूमिका करणाऱ्या अंकुश गेडामला २०२३ मध्ये पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. आणि त्याच चित्रपटात बाबू झालेला प्रियांशू क्षत्रिय ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरातच मारला गेला, तेव्हा त्याने विशी नुकतीच ओलांडली होती. त्या मृत्यूचे खापर चित्रपटावर फोडणे अन्यायाचे होईल, आणि ज्याला आता उत्तर देता येत नाही त्या मुलावर फोडणे तर त्याहून अन्यायाचे. तरीही प्रसिद्धी ओसरल्यावर मुलगा ज्या गल्लीत परततो ती गल्ली होती तशीच असते, आणि तेथे त्याला धरून ठेवणारे शाळा, खेळाचा संघ किंवा कामावर घेणारा उस्ताद असे काहीतरी असावे लागते, हे निदान नागपूरकरांनी तरी विसरू नये.

शाळेचा प्रश्न याच कारणाने सर्वांत आधी येतो. अकलूजची रिंकू राजगुरू ‘सैराट’च्या चित्रीकरणावेळी शाळकरी मुलगी होती. २०१६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला आणि चित्रपट लागल्यावर लोकांच्या गर्दीमुळे वर्गात बसणेच अवघड झाले, तेव्हा तिने १७ नंबरचा अर्ज भरून, म्हणजे शाळेत नियमित न जाता बोर्डाच्या परीक्षेला बाहेरून बसण्याची जी सोय आहे तिचा आधार घेऊन, २०१७ मध्ये दहावीची परीक्षा दिली. २०१९ मध्ये ती बारावीही ८२ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली. तिच्या कीर्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले, त्या मानाने या दोन गुणपत्रिकांविषयी फारच थोडे. चिरंजीवाने मात्र आधी त्यांच्याकडे पाहावे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या अभिनय अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी पदवी लागते, त्यामुळे अभिनयासाठी शिक्षण सोडणारा मुलगा अभिनयाच्याच शिक्षणाचे दार स्वतःहून लावून घेत असतो.

पैशाबाबत कायदा काय म्हणतो हेही घरच्यांनी पाहावे. बालकामगार कायद्याखालील २०१७ च्या सुधारित नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही, आणि त्याच्या मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. परंतु हे कवच चौदा वर्षांखालील बालकांसाठी आहे. चौदा ते अठरा या वयोगटाला कायदा ‘किशोर’ म्हणतो आणि धोक्याचे नसलेले काम करण्याची त्याला मुभा देतो. सोळा वर्षांच्या मुलाचा करार आईवडिलांच्या सहीने होतो आणि पैसाही बहुधा त्यांच्याच हाती येतो. चॅप्लिनच्या ‘द किड’ या १९२१ च्या चित्रपटातील बालनट जॅकी कूगन याने सज्ञान झाल्यावर आपली कमाई शोधली, तेव्हा आई आणि सावत्र वडील यांनी ती जवळजवळ संपवलेली होती. त्याच्या दाव्यानंतर १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा मिळकतीच्या रक्षणाचा कायदा केला. ताई आणि भाऊजींच्या हेतूविषयी येथे तिळमात्र शंका नाही. तरीही कायद्याने वीस टक्क्यांची सक्ती केलेली नसली, तरी त्यांनी निम्मी रक्कम मुलाच्या नावे ठेवावी, आणि करार त्याच्यासमोर मोठ्याने वाचून मगच सही करावी.

राहिला शिकण्याचा प्रश्न. सचिन पिळगावकर बालनट होते, १९७५ च्या ‘गीत गाता चल’मध्ये किशोरवयीन नायक झाले, आणि १९८२ मध्ये ‘माय बाप’पासून दिग्दर्शनाकडे वळले, वयाबरोबर काम बदलण्याची ही तयारी ज्याच्यापाशी असते तोच या व्यवसायात टिकतो. मुंबईला धाव घेण्यापूर्वी चिरंजीवाने आपल्या पूर्व विदर्भाकडे पाहावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत भाताची कापणी झाली की गावोगाव रात्रभर नाटके रंगतात, आणि या झाडीपट्टी रंगभूमीवर कित्येक कलावंतांचे घर चालते. तेथील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तेथे दुसऱ्यांदा टेक घेण्याची सोय नसते, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यावा लागतो, आणि पहाटे तीनला झोपेला आलेल्या प्रेक्षकाला जागे ठेवावे लागते. अभिनयातले श्रम कशाला म्हणतात हे सोळाव्या वर्षी कळण्यास याहून चांगली जागा नागपूरजवळ नाही. या मंडळ्यांचे मोठे केंद्र वडसा येथे आहे. दिवाळीच्या सुटीनंतरच्या एखाद्या शनिवारी भाच्याने तेथे जावे, पहिले नाटक प्रेक्षकांत बसून पाहावे, आणि मंडळीने परवानगी दिल्यास दुसरे पडद्यामागे उभे राहून पाहावे.

मामाचे आशीर्वाद